आमच्या दारातले नारबा

नारबा, परवा हप्ता न्यायला दारात दुसराच माणूस आला. काठी आपटल्याचा आवाज झाला तशी मी आतूनच म्हटलं, "पाय धुवा, नारबा, तवा तापलाच आहे." पिठाच्या हातानेच बाहेर आले तर समोर कुणी चाळिशीचा, दाट मिशांचा माणूस उभा. मी विचारलं, "आज नारबा नाही आले?"

तो म्हणाला, "नारबा गेले."

मला वाटलं, कुठे गावाला गेलात. "मग परत कधी येतील?" मी विचारलं. खरंच असं विचारलं मी. तो माणूस पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला, तेव्हा मला कळलं. कळलं म्हणजे शब्द कानात शिरले. आत काही शिरलं नाही. मी आत गेले आणि परातीत तुमच्या वाटणीचा जो गोळा होता त्याची भाकरी थापली. भाजली, पापुद्रा चांगला सुटला, ती काढून ठेवली. मग चुलीपुढे तिच्याकडे बघत बसले.

तुम्ही कसे गेलात, हे त्या माणसाने ओट्यावर उभ्याउभ्याच सांगितलं. कसब्यात कुणा कर्जदार कुळाच्या दारी तुम्ही धरणं धरून बसला होतात. भिंतीला पाठ, गुडघ्याशी काठी, पागोटं डोळ्यांवर ओढलेलं. घरच्यांना वाटलं, म्हाताऱ्याचा डोळा लागला. तगाद्याचा माणूस झोपला तर बरंच, म्हणून त्यांनी पोरांना गप्प बसवलं, जातं थांबवलं, बायका चवड्यांवर आतबाहेर करत राहिल्या. दुपारी तुमच्यापुढे ताट आणून ठेवलं, तेही हळूच, भांडं न वाजवता. ऊन कलून अन्न वाळलं तरी ताट तसंच, तेव्हा घरच्या बाईने येऊन पाहिलं.

हे ऐकताना मी त्या माणसाला दोनदा म्हटलं, "नाही, नारबा असे झोपत नसत." जसं काही मी पटवून दिलं की तो म्हणणार होता, बरोबर आहे बाई, मग ते नसतील.

या गोष्टीला आठवडा होऊन गेला होता. आम्हाला कुणी कळवलं नाही. कोण कळवणार आणि कशासाठी? आम्ही तुमचे कोण? तुम्ही ज्यांच्या दारात बसलात अशा कितीतरी कुळांपैकी एक कूळ.

तुम्ही पहिल्यांदा आलात तो दिवस मला आत्तासुद्धा अंगावर आल्यासारखा आठवतो. हे उत्तरेच्या स्वारीवरून नुकते परतले होते. आमचं शिलेदाराचं घर. घोडे आपले, माणसं आपली, खर्च आपला. सरकारातून पैसा मिळायचा तो मागाहून. त्यासाठी ह्यांनी सावकाराकडून कर्ज काढून घोडे घेतले. ते लढाईत पडले असते तरी ह्यांना सांगायला काही राहिलं असतं. ते वाटेत रोगाने मेले. सरकारात अर्ज पडून राहिला आणि हे एका पायाने लंगडत, उरलेल्या एका घोड्यावरून शनिवार पेठेत परत आले. सावकाराने काही दिवस निरोप धाडले. मग तुम्हाला धाडलं.

तुम्ही उंबऱ्याबाहेर ओट्यावर घोंगडी पसरलीत आणि म्हणालात, "बाईसाहेब, सावकारांचा हुकूम हाय. आता मी हितं बसणार."

"किती दिवस?"

"ते तुमच्याकडं हाय."

मी तुमच्या तोंडावर दार लावलं. बाहेरून तुमचा शांत आवाज आला, "लावा की. मला भाईरच बसायचंय."

तुम्हाला जेवायला आम्हीच घालायचं, ही रीत मला ठाऊक नव्हती. ज्याने आमची अब्रू चव्हाट्यावर मांडली त्याच्यापुढे मीच ताट मांडायचं. पहिल्या दिवशी मी मुद्दाम आमटीचं नुसतं पाणी वाढलं. तुम्ही भुरका मारलात आणि म्हणालात, "मीठ बरूबर हाय. डाळ गावली की सांगतो." त्या क्षणी ती वाटी तुमच्या डोक्यावर उपडी करावी असं वाटलं मला. आत येऊन मी ह्यांना हे सांगितलं, पण ते हसलेही नाहीत, चिडलेही नाहीत. ते तेव्हा दिवसभर माजघरात बसून खोगिराला तेल लावत. खोगीर आधीच तेलाने काळं झालं होतं.

हौदावर जाणाऱ्या बाया आमच्या दारापाशी आल्या की चाल मंद करत. ज्यांनी कधी मान वर केली नव्हती त्याही आता विचारत, "कोण हो हे? पाहुणे का?" आमची रखमा तेव्हा लहान. तिने एकदा तुम्हालाच विचारलं, "तुम्ही आमच्या दारात का बसता?" मी दाराआड उभी होते. तुम्ही म्हणालात, "हितं ऊन कमी लागतं." तिला ते पटलं. त्यानंतर ती तिची भातुकली घेऊन तुमच्या शेजारी बसायला लागली, ऊन कमी लागतं म्हणून.

ओट्यावर बसून तुम्हाला आमच्या घरातलं सगळं कळत होतं. तेली किती तेल घालून गेला, गवळणीने किती मापं ओतली, मोलकरीण काय बांधून नेते. एक दिवस मी सुपात तांदूळ निवडत बसले होते. तुम्ही म्हणालात, "बाईसाहेब, तुम्ही तिघं. मी चौथा, त्यो बळंच. मग येवढा तांदूळ कुणासाठी?"

"शिलेदाराचं घर आहे. आल्यागेल्यासाठी असावं लागतं."

"मी बसल्यापासून कोण आलंय?"

कुणी आलं नव्हतं. नणंदा नाही, ह्यांच्या पथकातलं कुणी नाही, पंक्तीला रोज हजर असणारे ह्यांचे चुलतभाऊ नाहीत. मी रोज एवढा भात रांधत होते आणि उरला म्हणून गायीला घालत होते, आणि तो का उरतो हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. सूप हातात तसंच राहिलं. तुम्ही मात्र दुसरीकडे बघायला लागलात, आणि ते बरं केलंत.

त्या दिवसापासून मी चौघांपुरतं रांधायला लागले. आमचं हात आखडून जगणं सुरू झालं ते तिथून. भात फक्त सणाला, एरवी जोंधळा. मोलकरणीला मी स्वतः दुसरं घर बघून दिलं आणि जात्यावर बसले. पहिले काही दिवस तळहाताचे फोड फुटून पिठाला लागायचे. दिवे दोनाचे एक केले. पुढची खोली एका कासाराला भाड्याने दिली, तो तिथे बांगड्या भरायला लागला. आमच्या दारावरून मान वळवून जाणाऱ्या बाया आता बांगड्यांसाठी आमच्याच ओट्यावर येऊन बसायला लागल्या, तुमच्या घोंगडीला पाय लागणार नाही इतकं अंग चोरून. मला त्याचं हसू यायचं. तुम्हालाही येत असेल, पण तुमच्या मिशांतून काही बाहेर पडत नसे.

राहिला घोडा. त्याला विकणं माझ्याने होण्यातलं नव्हतं. त्याचा हरभरा आम्हा तिघांच्या जेवणाहून महाग पडत होता, हे मी ह्यांना एकदा सांगितलं. हे म्हणाले, "शिलेदार घोडा विकत नसतो."

बाहेरून तुमचा आवाज आला, "खरं हाय. घोडाच शिलेदाराला इकतोय."

इतक्या दिवसांत हे पहिल्यांदा दाराबाहेर आले, ते हातात चाबूक घेऊन. तुम्ही जागचे हलला नाहीत. म्हणालात, "मारा, सरकार. माझं काय. पर उद्या सावकार दोघं बसवतील, आन् दुसरा माझ्यापरीस खाणारा निघाला तर बाईसाहेबांस्नी जड जाईल."

हे तसेच उभे राहिले. मग चाबूक खुंटीला अडकवला आणि आत गेले. दोन दिवस खोगिरालाही हात लावला नाही. नंतर एका सकाळी उठून त्यांनी घोड्याला खरारा केला, आयाळ विंचरली आणि लगाम धरून, लंगडत, पायी एका सरदाराच्या पागेत घेऊन गेले. घोडा तिथे विकला गेला, आणि घोड्यावरचा ह्यांचा हात बघून पागेच्या कारभाऱ्याने ह्यांनाही शिंगरं तयार करायला ठेवून घेतलं. दरमहा तनखा ठरला. शिलेदाराने दुसऱ्याच्या पागेत चाकरी करावी, हे ह्यांच्या किती जिव्हारी लागलं ते मी पाहिलंय. पण आपला घोडा रोज डोळ्यांपुढे राहतो, एवढं एक ते कधीतरी अंधुक हसून म्हणायचे.

इथवर मी तुमचे उपकार मानते. पुढचं मी तुम्हाला कधी माफ केलं नाही, आणि आज तुम्ही नाहीत म्हणून केलं असंही नाही.

माझ्या आईची सोन्याच्या पुतळ्यांची माळ मी जोंधळ्याच्या कणगीत खोल पुरून ठेवली होती. ह्यांनाही ते ठाऊक नव्हतं. रखमाच्या लग्नासाठी तेवढी एकच गोष्ट माझ्याजवळ उरली होती. कणगी तळाला लागली तेव्हा मी ती माळ काढून देव्हाऱ्याखाली ठेवली. तुम्ही ओट्यावर होतात, डोळे मिटलेले होते, दार अर्धवट उघडं होतं. आठवडा गेला नाही तोच सावकाराचा निरोप आला: पुतळ्यांची माळ गहाण ठेवा, कर्जाची हप्तेबंदी करून देतो, माणूस उठवून घेतो.

मी उंबऱ्यात येऊन उभी राहिले. "नारबा, तुम्ही सांगितलंत."

"व्हय."

"का?"

"मी त्यांचं खातो."

"तुम्ही माझंही खाता."

तुम्ही घोंगडी झटकलीत, घडी घातलीत. खूप वेळ लावलात त्या घडीला. मग म्हणालात, "बाईसाहेब, दारात माणूस बसल्याल्या घरातली पोरगी कोण करंल? माळ असू दे, न्हाईतर हत्ती असू दे." आणि निघून गेलात. मी तुमच्या पाठीवर ओरडून बोलले, ते अख्ख्या पेठेने ऐकलं. तुम्ही मागे वळला नाहीत.

त्यानंतर तुम्ही दर महिन्याला हप्त्यापुरते यायचे. पहिल्या वेळी मी पाणीही विचारलं नाही. दुसऱ्या वेळी तुम्ही उपरण्यातून अंबाडीची जुडी काढून ओट्यावर ठेवलीत आणि म्हणालात, "वाटंत पडली हुती."

"जुडी बांधून?"

"व्हय. बांधूनच पडली हुती."

मी ती भाजी केली. केली तर तुम्हाला वाढणं भाग होतं. तेव्हापासून तुम्ही हप्त्याच्या दिवशी जेवूनच जायचे, आणि माळेचा विषय आपण दोघांनीही काढला नाही. आता शेवटचे थोडेच हप्ते राहिलेत. माळ परत आली की ती तुमच्यापुढे धरून काय बोलायचं, ते मी कधीपासून मनात जुळवून ठेवलंय. ते बोलणं आता मी कुणापुढे बोलू?

आणि एक भांडण आपलं अर्धंच राहिलं. सासवडला माझ्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा मी आहेराच्या लुगड्यासाठी कासाराकडून भाड्याची आगाऊ उचल घ्यायला निघाले होते. तुम्ही म्हणालात, "आहेर न्हाई तर न्हाई. नारळ घिऊन जावा."

"नुसता नारळ घेऊन आत्या जाईल लग्नाला? माझा भाऊ काय म्हणेल?"

"त्यो काय बी म्हणंल. उचल घेतली तर पुढचा हप्ता चुकंल, आन् मग मी पुन्यांदा हितं बसंन. तवा त्यो भाऊ येनार हाय का माझ्या शेजारी बसाया?"

मी उचलही घेतली नाही आणि नारळ घेऊनही गेले नाही. घरीच बसले. भावाने बोलणं टाकलं, ते आजतागायत. तुम्हाला मी मागल्याच खेपेला म्हटलं, तुमचं ऐकून माझं माहेर तुटलं. तुम्ही म्हणालात, "मी नारळ घिऊन जावा म्हनलो. बसून ऱ्हावा असं म्हनलो न्हाई." मी पुढचं बोलणार तेवढ्यात कासाराकडे गिऱ्हाईक आलं आणि तुम्ही उठलात. पुढच्या खेपेला तुम्हाला ऐकवीन असं म्हणून मी गप्प राहिले होते. पुढची खेप म्हणजे परवाची.

आता तो नवा माणूस जे बोलला ते सांगते. हप्त्याचे रुपये कनवटीला लावून तो निघाला होता. मी सहज म्हटलं, "सावकार नारबांच्या घरी काही पाठवतील ना? एवढी चाकरी केली त्यांनी." तो हसला नाही, पण हसण्यासारखं काहीतरी त्याच्या तोंडावर आलं. म्हणाला, "पाठवतील काय बाई, त्यांच्याकडूनच येणं आहे. त्यांचा मुलगा कापडाच्या व्यापारासाठी कर्ज घेऊन कर्नाटकाकडे निघून गेला तो गेलाच. नारबा जामीन होते. दारोदार बसत होते ते त्याच्यापायीच. मजुरी हातात कधी मिळाली नाही, ती कर्जातच वळती व्हायची."

मी ओट्यावर बसले. तुम्ही जिथे बसायचे तिथेच, हे नंतर ध्यानात आलं.

नारबा, इतकी वर्षं तुम्ही माझ्या हातचं जेवलात. तेलाचं, तांदळाचं, दिव्याचं मला सांगत राहिलात. हे सगळं तुम्हाला कुठून ठाऊक, असं मी एकदाही विचारलं नाही. मला वाटायचं, वसुलीला हिंडणारा माणूस, चार घरं बघून शहाणा झाला असेल. मी तुम्हाला सावकाराचा हात समजत होते. तुम्ही माझ्यासारखेच त्या हाताखाली होता.

आणि मग दुसराच विचार आला आणि मी आणखी हादरले. माझ्या माळेची खबर दिलीत, त्याबद्दल तुमच्या कर्जातलं काही सुटलं असेल का? काही रक्कम कमी केली असेल का त्यांनी? केली असेल तर तुम्ही मला विकलंत. नसेल केली तर तुम्ही जे म्हणालात तेच खरं, रखमाचं दार मोकळं व्हावं म्हणून सांगितलंत. परवापासून मी हे दोन्ही आळीपाळीने मानते. पीठ मळताना एक खरं वाटतं, पाणी भरताना दुसरं. विचारायला तुम्ही नाहीत. सावकाराला विचारायची माझी छाती नाही, आणि खरं सांगायचं तर उत्तर ऐकायचीही नाही.

संध्याकाळी हे पागेतून आले तेव्हा मी सगळं सांगितलं. हे त्या चाबकाच्या दिवसानंतर तुमच्याशी कधी धड चार वाक्यंही बोलले नव्हते. तुम्ही आलात की हे मागल्या दाराने निघून जायचे. मला वाटलं, हं म्हणतील आणि जेवत राहतील. ते पानावरून उठले. म्हणाले, "त्यांचं घर कुठे?"

"कोथरूडला म्हणायचे."

"उद्या जाऊ."

नदी ओलांडून, शेतांच्या बांधावरून आम्ही कोथरूडला पोचलो. गावात विचारलं तर एका पोरीने बोट दाखवलं, ते घर. बुटकं, शाकारलेलं, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. आणि नारबा, तुमच्या दारात माणूस बसला होता. घोंगडी पसरून, भिंतीला पाठ लावून, हातात काठी. मला क्षणभर तुम्हीच वाटलात. ह्यांनी माझा दंड धरला तो मी पडेन म्हणून, की त्यांनाही तसंच वाटलं म्हणून, देव जाणे.

तुमचे दिवस व्हायचे होते अजून. सावकाराने तेवढीही वाट पाहिली नव्हती.

आत तुमच्या घरच्या, पारूबाई, बसल्या होत्या. तुम्ही कधी नावही काढलं नव्हतं त्यांचं. कपाळ मोकळं, डोळे कोरडे. मी माझं नाव सांगायच्या आधीच त्या म्हणाल्या, "शनवारातल्या बाई न्हवं तुम्ही? पागेतल्या शिलेदाराच्या?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"ह्ये सांगायचे. लई फटकळ हाय म्हणायचे. पर माणसागत वागवती म्हणायचे."

माणसागत! पहिल्या दिवशी मी तुम्हाला आमटीचं पाणी वाढलं होतं.

पारूबाई दाराकडे बघून हळू म्हणाल्या, "त्येला बी जेवाया घालावं लागतंय. घरात हाय काय? शेजारनीकडनं पीठ आणलं सकाळी." मी चुलीपाशी बसले आणि होतं त्या पिठाच्या भाकरी केल्या. पारूबाईंना बळे जेवायला घातलं. बाहेरच्या माणसालाही दिली. मी विचारलं, एकरकमी देणं जमणार नसेल तर हप्ते पाडून मागितलेत का? त्या म्हणाल्या, "हप्ते पाडाया जामीन लागतोय. आम्हाला कोण ऱ्हाईल?"

बाहेर हे त्या माणसापुढे उभे होते. म्हणाले, "ऊठ इथून."

"मला हुकूम न्हाई, सरकार."

"हुकूम मी आणतो."

परतीच्या वाटेवर मी ह्यांना म्हटलं, "काय करणार आहात?" हे म्हणाले, "जामीन राहतो." मी बांधावर थांबले. मला राग आला होता आणि भीतीही वाटत होती. आमचे हप्ते संपायला आले होते. दिवाळीला रखमाला भात करून घालू, पुढच्या वर्षी तिचं ठरवू, एवढं मी आत्ता कुठे मनात मांडलं होतं. पारूबाईंचा हप्ता चुकला की तो ह्यांच्या तनख्यातून कापला जाणार. पुन्हा जोंधळा, पुन्हा एक दिवा. मी म्हटलं, "ज्याने तुम्हाला घोडा विकायला लावला त्याच्यासाठी?"

हे लंगड्या पायावर भार न देता उभे होते. म्हणाले, "तो दारात नसता तर मी अजून खोगिराला तेल लावत बसलो असतो. घर तू चालवतेस. तू नको म्हणालीस तर मी जाणार नाही."

आम्ही नदीपर्यंत चालत आलो. पाण्यात पाय घातल्यावर म्हटलं, "पारूबाईंना जात्यावरचं दळण मी मिळवून देईन. लग्नसराईत पापडांचंही काम असतं. चुकणार नाही त्यांचा हप्ता." ह्यांनी मान हलवली. आमच्यात यापेक्षा जास्त बोलणं होत नाही, तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही सगळं ऐकत बसायचे.

आज सकाळी हे पेढीवर गेले. सावकार म्हणाले म्हणे, "शिलेदार, माझा माणूस तुमच्या दारात बसला होता, विसरलात?" हे म्हणाले, "विसरलो नाही म्हणूनच आलोय." कारकुनाने कागद केला, ह्यांनी सही केली. दुपारी आम्ही पुन्हा कोथरूडला गेलो आणि सावकाराची चिठ्ठी दाखवली. त्या माणसाने घोंगडी गुंडाळली, काठी घेतली आणि पारूबाईंना म्हणाला, "येतो, मावशी." त्याच्याबद्दल मला वाईट वाटलं. त्याचंही काही वळतं होत असेल.

तो बांधाआड गेला तरी पारूबाई दारातच उभ्या होत्या. मग हळूहळू खाली बसल्या, उंबऱ्याला टेकून, पाय अंगणात पसरून. मी त्यांच्या शेजारी बसले. समोर टेकडीवर गुरं होती.

मग त्या म्हणाल्या, "झुंजुरकाला जायाचे, दिवस बुडाल्यावर यायाचे. साऱ्या पुण्याच्या दारात बसला ह्यो माणूस. आपल्या दारात बसल्याला मी कदी बघितला न्हाई." आणि इतके दिवस न रडलेल्या त्या बाईने पदर तोंडात कोंबला.

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ह्यांनी अंगणातली घागर उचलली आणि लंगडत विहिरीकडे गेले.